तंजावरचा एक संगमरवरी पट

तंजावर म्हटलें म्हणजे मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें दोन गोष्टी उभ्या राहतात : एक सरस्वती महाल ग्रंथालय, आणि दुसरी बृहदीश्वराच्या देवळांतील भोंसले कुळाच्या इतिहासाचा तो प्रचंड मराठी शिलालेख. या दोहोंचें श्रेय सरफोजी महाराजांस आहे, व तें आपल्याकडील इतिहासलेखकांनीं त्यांस मोकळ्या मनानें दिलेलेंही आहे. परंतु त्याच देवळाच्या शेजारीं, शिवगंगा तलावाजवळ, एक लहानसें ख्रिस्ती प्रार्थनामंदिर आहे. आणि याच महाराजांनीं स्वतःच्या खर्चानें विलायतेहून करवून आणलेला पांढऱ्या संगमरवराचा एक पट त्या मंदिरांत आहे. हा पट कोणा राजाच्या, सेनापतीच्या किंवा गव्हर्नराच्या स्मरणार्थ केलेला नाहीं. मुलें शिकविण्यांत व धर्मोपदेश करण्यांत ज्याच्या आयुष्याचीं ४८ वर्षें या देशांत गेलीं, त्या ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ नांवाच्या एका जर्मन पाद्र्याचें तें स्मारक होय.

मिशनऱ्यांच्या चरित्रग्रंथांत या दगडाचें वर्णन मोठ्या अभिमानानें येतें; जणूं काय एका हिंदु राजानें ख्रिस्ती धर्माच्या बाजूनें दिलेली ती साक्षच होय. उलट, राज्य गमावून बसलेल्या एका मांडलिकानें गोऱ्या धन्यांची केलेली ही मनधरणी आहे, असें म्हणून त्याकडे पाठ फिरविणेंही सोपें आहे. मला हीं दोन्ही मतें दगडाकडे नीट न पाहतां बनविलेलीं वाटतात. तो कोणीं मागितला, कोणत्या शब्दांत मागितला, त्यावर काय कोरलें गेलें आणि काय कोरलें गेलें नाहीं, हें पाहिलें म्हणजे एक निराळीच हकीकत हातीं लागते. ती वाचकांपुढें मांडावी एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम त्या पाद्र्याविषयीं. श्वार्ट्झचा जन्म १७२६ सालीं प्रशियाच्या राज्यांतील सोनेनबुर्ग या गांवीं झाला; तो गांव आज पोलंड देशांत मोडतो. हाले येथें विद्यार्थी असतांनाच, तेथें चाललेल्या तामीळ बायबलाच्या कामांत उपयोगीं पडावें म्हणून त्यानें तामीळ भाषेस हात घातला होता. कोपनहेगन येथें त्याला दीक्षा मिळाली, आणि १७५० सालीं डेन्मार्कच्या ताब्यांतील तरंगंबाडीच्या मिशनमध्यें तो दाखल झाला. त्यानंतर तो युरोपास कधींच परत गेला नाहीं. त्यानें लग्नही केलें नाहीं. १७६२ पासून त्रिचनापल्ली व १७७८ पासून तंजावर हें त्याचें ठाणें झालें. तंजावरचे राजे तुळजाजी यांची व त्याची पहिली गांठ १७६९ सालींच पडली होती. प्रजा तामीळ असली तरी दरबार मराठ्यांचा. तेव्हां दरबारी मंडळींशीं दुभाष्यावांचून बोलतां यावें म्हणून तामीळ, पोर्तुगीज, फारसी व हिंदुस्थानी या आपल्या भाषांत त्यानें मराठीची भर घातली. आपली भाषा शिकण्याची तसदी घेणारा परका मनुष्य आपल्या लोकांस नेहमींच अर्धा आपला वाटतो. श्वार्ट्झच्या बाबतींत तेंच झालें असावें.

पण त्याचा खरा दरारा भाषेमुळें नव्हता. हैदर अलीनें १७८० सालीं कर्नाटकावर स्वारी केली तेव्हां तंजावरच्या किल्ल्यांतील शिबंदी अन्नावांचून मरूं लागली. धान्य बाहेर खेड्यांत होतें, परंतु तें आंत आणावयास बैल मिळेनात. ज्यांच्यापाशीं बैल होते ते रयत लोक पुढें येईनात. कारण राजाच्या वचनावर कोणाचा भरंवसा उरला नव्हता, आणि कंपनीच्या माणसांची पत त्याहून अधिक नव्हती. शेवटीं पैसे चुकते करण्याची हमी श्वार्ट्झनें आपल्या नांवावर घेतली. एकदोन दिवसांत हजारावर बैल गोळा झाले व ८०,००० कलम धान्य किल्ल्यांत आलें. त्यानंतर काहीं वर्षांनीं, जुलमास कंटाळून मुलूख सोडून गेलेले सात हजार शेतकरी दरबाराच्या जाहीरनाम्यांना न जुमानतां दूरच राहिले होते, ते याच पाद्र्याच्या शब्दावर परत आले व पेरणीस लागले. राज्य म्हणजे अखेर पत. आणि त्या काळीं तंजावरच्या राज्याची पत एका भणंग पाद्र्याच्या झोळींत येऊन पडली होती, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

हैदरची गोष्ट तर सर्वश्रुतच आहे. १७७९ सालीं मद्रासच्या गव्हर्नरानें श्वार्ट्झला गुप्तपणें श्रीरंगपट्टणास वकिलीवर पाठविलें. हैदरनें त्याचा चांगला सन्मान केला, आणि निघतेवेळीं वाटखर्चासाठीं ३०० रुपयांची थैली दिली. ती त्यानें मद्रासेस येऊन सरकारच्या स्वाधीन केली. ती ठेवून घे असें सांगण्यांत आलें तेव्हां त्या रकमेंतून तंजावरास अनाथ मुलांच्या शाळेचा पाया घातला. वकिलीचा राजकीय उपयोग शून्य झाला, कारण पुढच्याच वर्षीं लढाई जुंपली. पण लढाई चालू असतांना या पाद्र्यास मात्र कोठेंही अडवूं नये असा हैदरचा आपल्या सरदारांस हुकूम होता.

शाळांचा उल्लेख केलाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तंजावरचा रेसिडेंट जॉन सलिव्हन याच्याबरोबर बसून श्वार्ट्झनें देशी मुलांकरितां इंग्रजी शाळांची एक योजना आंखली, आणि तंजावर, रामनाड व त्या बाजूचें शिवगंगा संस्थान येथें अशा शाळा निघाल्या. कंपनीच्या डायरेक्टरांनीं १७८७ सालीं दर शाळेस सालीना २५० होन मंजूर केले. या शाळांत हिंदूंचीं मुलें येत. त्यांना फसवून धर्मांतर करविण्याचा कोणताही प्रयत्न होऊं द्यावयाचा नाहीं, असें श्वार्ट्झचें म्हणणें होतें. मेकॉलेचें प्रसिद्ध टिपण १८३५ चें. म्हणजे ज्या इंग्रजी शिक्षणावर आमच्या पिढ्या वाढल्या, त्याचें बीं मेकॉलेच्या आधीं अर्धें शतक कावेरीच्या खोऱ्यांत एका जर्मन माणसानें टाकलें होतें.

आतां या पाद्र्याचा व सरफोजींचा संबंध कसा जडला तें पाहूं. १७८७ च्या जानेवारींत, पोटचें कोणी न उरलेल्या तुळजाजींनीं भोंसल्यांच्याच एका शाखेंतील नऊ वर्षांच्या मुलास दत्तक घेतलें, तेच सरफोजी. राजांची प्रकृति ढांसळली होती. त्यांनीं श्वार्ट्झला बोलावून मुलाचा हात त्याच्या हातीं दिला, आणि याचा सांभाळ तूंच कर, असें सांगितलें. श्वार्ट्झनें नाहीं म्हटलें. आपण महिन्यांतून एकदोन वेळां मुलास पाहूं शकूं, तेवढ्यानें राजवाड्यांतील कारस्थानांपासून त्याचें रक्षण होणार नाहीं. त्यापेक्षां मुलास तुळजाजींचे सावत्र बंधु अमरसिंह यांच्या हवालीं करावें, असा त्यानें सल्ला दिला. राजांनीं तो मानला, व थोड्याच दिवसांत ते वारले.

पुढें जें घडलें तें या सल्ल्याचें फळ होतें, हें त्याच्या भक्तांनींही कबूल केलें पाहिजे. पालक म्हणून नेमलेले अमरसिंह राज्यावर हक्क सांगूं लागले. मद्रासच्या गव्हर्नरानें पंडितांस विचारलें. एकुलता एक मुलगा दत्तक देतां येत नाहीं व वयही उलटून गेलें होतें, अशा कारणांवरून त्यांनीं दत्तकविधान अशास्त्र ठरविलें. आणि कंपनीच्या संमतीनें अमरसिंह गादीवर बसले. सरफोजी राजवाड्याच्या एका कोंदट भागांत जवळजवळ कैदेंत पडले. धड शिक्षक नाहीं, मोकळी हवा नाहीं. श्वार्ट्झ मद्रासेस पत्रांमागून पत्रें धाडूं लागला. मुलाभोंवतीं कंपनीचा पहारा बसवून घेतला, त्याच्या शिकण्याची सोय करविली, आणि अखेर १७९३ सालीं त्यास व तुळजाजींच्या विधवा राण्यांस मद्रासेस हलविण्यांत यश मिळविलें. तेथें गेरिके नांवाच्या दुसऱ्या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखालीं राजपुत्राचें शिक्षण झालें. इकडे बंगाल्यांतील व काशीच्या पंडितांची मतें आणवून दत्तक सशास्त्र ठरलें, व १७९८ च्या जूनमध्यें अमरसिंहांस बाजूस सारून सरफोजी गादीवर आले.

१७८७ सालीं ज्यानें मुलाचा हात सोडला त्यानेंच पुढें दहा वर्षें तो परत धरण्यासाठीं धडपड केली. या धडपडींत दयेइतकाच पूर्वीच्या नकाराचा सलही असावा असें माझें मत आहे. यांत कंपनीचें काय साधलें हेंही विसरतां कामा नये. दत्तक अशास्त्र ठरविणारी कंपनीच, सशास्त्र ठरविणारीही कंपनीच. आणि गादीवर बसविल्याची किंमत तिनें लगोलग वसूल केली. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहानें तंजावरचा सारा कारभार कंपनीकडे गेला. महाराजांकडे राहिला किल्ला व त्याच्या आसपासचा टापू, सालीना एक लाख होन, आणि निव्वळ वसुलाचा पांचवा हिस्सा. हा तह श्वार्ट्झनें पाहिला नाहीं. सरफोजींचें राज्यारोहणही पाहिलें नाहीं. १३ फेब्रुवारी १७९८ रोजीं, म्हणजे त्यापूर्वीं चारच महिने, तो तंजावर येथें मरण पावला होता.

त्याच्या दुखण्यांत सरफोजी त्याच्या भेटीस गेले होते, व अंथरुणावरूनच त्यानें त्यांस राजधर्माच्या चार गोष्टी सांगितल्या होत्या. मृत्यूनंतर पेटी बंद करण्यापूर्वीं मुख पाहावें म्हणून त्यांच्यासाठीं अंत्यविधि थांबविण्यांत आला. ते आले, रडले, प्रेतावर जरीचें वस्त्र पांघरलें, आणि मिरवणुकीबरोबर थेट कबरीपर्यंत गेले. क्षत्रिय राजपुत्रानें परधर्मीयाच्या प्रेतामागून चालत जाणें ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती. तंजावरास आचारविचार सैल होते अशांतला भाग नाहीं. हेच सरफोजी पुढें १८२० सालीं मोठा लवाजमा घेऊन काशीयात्रेस निघाले, आणि त्यांच्या राजवाड्यांत व्रतवैकल्यांस कधीं खंड पडला नाहीं.

राज्यावर येऊन तीन वर्षें झाल्यावर, १८०१ सालीं, त्यांनीं लंडनच्या ख्रिस्ती ज्ञानप्रसारक मंडळीस इंग्रजींत पत्र लिहिलें. ज्या मंडळीनें श्वार्ट्झचें काम पोसलें होतें तिलाच हें पत्र होतें. माझ्या खर्चानें संगमरवराचें एक स्मारक करवून पाठवा, अशी त्यांत विनंति आहे. श्वार्ट्झला त्यांनीं आपला बाप, मित्र व लहानपणचा रक्षणकर्ता म्हटलें आहे. आणि मग एकदम व्यवहाराची गोष्ट : ज्या व्यासपीठावरून तो उपदेश करी त्याच्या लगतच्या खांबावर हें स्मारक बसवावयाचें आहे, खांब सुमारें दोन हात रुंद आहे. २३ वर्षांच्या त्या राजाची ही दोन हातांची सूचना मला त्या पत्रांतील सर्व विशेषणांहून बोलकी वाटते. राजानें खांबाच्या रुंदीचा विचार करून ठेवला होता, आणि दगड कोठें बसेल याचें चित्र त्याच्या मनांत आधींच तयार होतें. तें देऊळ श्वार्ट्झनेंच १७७९ च्या सुमारास उभारलेलें. महाराजांना स्मारक राजवाड्याच्या चौकांत उभें करतां आलें असतें. त्यांनीं तें गुरूच्या कामाच्या जागीं मागितलें.

मंडळीनें हें काम जॉन फ्लॅक्समन याजकडे सोंपविलें. हा त्या काळचा इंग्लंडांतील नामांकित शिल्पकार. वेजवुडच्या चिनी मातीच्या भांड्यांवरील नाजूक आकृति काढतां काढतां तो पुढें आला; सात वर्षें रोमास राहिला; होमरच्या काव्यांवर त्यानें काढलेल्या रेखाचित्रांनीं सारा युरोप त्याला ओळखूं लागला; आणि १८१० सालीं रॉयल अॅकेडेमींत शिल्पकलेचा पहिला अध्यापक म्हणून त्याची नेमणूक झाली. तो हिंदुस्थानांत कधींच आला नाहीं. त्याची काम करण्याची रीति अशी कीं, आधीं मातीचा लहानसा नमुना स्वतः करावयाचा. मग त्यावरून गवंडी-पाथरवटांनीं मापें घेऊन संगमरवर घडवावयाचा. म्हणून त्याच्या शिल्पांत दगडावरील हाताच्या करामतीपेक्षां मांडणीच अधिक बोलते. या पटाचेंही तसेंच आहे.

मांडणी साधी आहे. पलंगावर श्वार्ट्झ शेवटच्या घटका मोजीत पडला आहे. शेजारीं सरफोजी उभे असून त्यांनीं त्याचा हात आपल्या हातांत घेतला आहे. त्यांच्याबरोबर त्यांचे दोन सेवक आहेत. उशाशीं गेरिके आहे. आणि शाळेंतील तीन मुलें पलंगाजवळ घोळका करून उभीं आहेत. एवढेंच. इतिहासाच्या काटेकोर दृष्टीनें हा प्रसंग असाच्या असा घडलेला नाहीं. दुखण्यांतील भेट, मृत्यु व नंतरचें अंत्यदर्शन हे तीन वेगवेगळे क्षण शिल्पकारानें एकत्र आणले आहेत. आणखी एक बारकावा असा कीं, त्या दिवशीं सरफोजी राजे नव्हते. हक्क सिद्ध होण्याची वाट पाहणारे राजपुत्र होते. पटावर दिसतो तो हात धरणारा तरुण. खालच्या लेखांत मात्र त्यांना महाराज म्हटलें आहे. दोहोंमध्यें आलेलीं वर्षें व एक तह पाहणारास दिसत नाहींत.

फ्लॅक्समननें हिंदी माणसें दगडांत काढण्याची ही पहिली वेळ नव्हती. ऑक्सफर्ड येथें सर विल्यम जोन्सचें स्मारक त्याच्याच हातचें आहे. त्यांत जोन्स आसनावर बसून लिहीत आहे, व आपले पंडित खालीं बसले आहेत. ज्यांच्यापाशीं तो संस्कृत शिकला ते पायांशीं, आणि शिकणारा वर! तंजावरच्या पटांत मात्र देशी माणूस उभा आहे आणि युरोपीय आडवा. हात धरणारा देशी आहे. शिल्पकार तोच, काळ जवळपास तोच. फरक पडला तो दगड कोणीं मागितला यामुळें.

याची खात्री करून घ्यावयाची तर मद्रासेस जावें. तेथें फोर्ट सेंट जॉर्जमधील सेंट मेरीच्या मंदिरांत याच श्वार्ट्झचें दुसरें संगमरवरी स्मारक आहे. तें ईस्ट इंडिया कंपनीच्या डायरेक्टरांनीं धाकट्या जॉन बेकनकडून करवून १८०७ च्या सुमारास पाठविलें. लॉर्ड कॉर्नवॉलिसचा मुंबईंतील पुतळाही याच बेकनचा, तेव्हां आपल्याकडील लोकांस त्याची शैली अगदींच अपरिचित नाहीं. विषय तोच : मृत्युशय्या, भोंवतीं मुलें, जवळ गेरिके. परंतु वर क्रूस दाखविणारा देवदूत आहे, आणि खालींवर धर्मदंड, तुतारी, निशाण, उघडें बायबल अशीं चिन्हांमागून चिन्हें रचलेलीं आहेत. राजा नाहीं. त्याच्या जागीं देवदूत आला आहे. स्मारकावरील मजकुराचीं देशी भाषांत भाषांतरें करून तीं वांटावीं व नेटिव लोकांस तें पाहावयास येण्यास उत्तेजन द्यावें, असा डायरेक्टरांचा मद्रास सरकारास लेखी हुकूम होता. श्वार्ट्झच्या सचोटीनें कंपनीचीं कामें झालीं होतीं, आणि आतां त्या सचोटीची शोभा कंपनीच्या अंगावर दिसावी असा हा हिशेब. सार्वजनिक स्मारकें बहुधा अशींच जन्मास येतात, यांत नवल नाहीं. नवल आहे तें तंजावरच्या पटाचें. कारण त्यावर देवदूत नाहीं, आणि राजाच्या धर्मांतराची पुसटशी सूचनाही नाहीं. लेखांतही, ख्रिस्ती, मुसलमान व हिंदु या तिघांचाही आदर त्यानें मिळविला, हिंदु व मुसलमान राजांनीं इंग्रजांशीं बोलणें करण्यासाठीं या गरीब धर्मोपदेशकाची निवड केली, आणि हा संगमरवरही एका हिंदु महाराजाच्याच प्रेमानें उभा राहिला आहे, असा आशय आहे. पाद्र्याची थोरवी सांगण्यासाठीं साक्षीदार निवडले आहेत ते त्याच्या धर्माबाहेरचे.

श्वार्ट्झला सरफोजींस ख्रिस्ती करावयाची इच्छा नव्हती असें नाहीं. ती असणारच, तो मिशनरी होता. पण ती पुरी झाली नाहीं म्हणून त्यानें ममता आंखडती घेतली नाहीं, आणि ममता मिळाली म्हणून शिष्यानें धर्म टाकला नाहीं. श्वार्ट्झचा दुसरा शिष्य वेदनायकम् शास्त्री हा तामीळ ख्रिस्ती कवि सरफोजींच्याच पदरीं होता. एका गुरूच्या हाताखालीं शिकलेले हे दोघे, एक शिवभक्त व एक ख्रिस्तभक्त, एकाच दरबारांत नांदले.

आतां देवळांतील तो मराठी शिलालेख या पटाशेजारीं ठेवून पाहावा. सरफोजींनीं १८०३ सालीं, म्हणजे लंडनला पत्र गेल्यानंतर दोनच वर्षांनीं, बृहदीश्वराच्या आवारांतील भिंतीवर भोंसले वंशाचें चरित्र मराठींत कोरविलें. ज्याचें दत्तकपण एकदां पंडितांनींच अशास्त्र ठरविलें होतें, ज्याला आपण कोणाचे पुत्र हें सरकारदरबारीं दहा वर्षें सिद्ध करावें लागलें, त्या राजानें राज्य हातचें गेल्याबरोबर आपली वंशावळ दगडावर उतरविली, याचा अर्थ समजण्यास फार खोल जावें लागत नाहीं. कागद कंपनीच्या कचेरींत बदलतात. देवळाची भिंत बदलत नाहीं. आणि त्याच वेळीं, हांकेच्या अंतरावर, दुसऱ्या भाषेंत, दुसऱ्या दगडावर, त्यांनीं दुसऱ्या एका बापाचें नांव घालविलें. कुळ देणारा बाप एकीकडे, विद्या व जीव वांचविणारा दुसरीकडे. या दोन दगडांना एकत्र पाहिल्यावांचून दोन्ही अर्धे राहतात. १८०६ सालीं क्लॉडियस ब्यूकॅनन तंजावरास आला तेव्हां राजवाड्याच्या दिवाणखान्यांत भोंसले पूर्वजांच्या तसबिरींबरोबर श्वार्ट्झचीही तसबीर लावलेली होती, आणि महाराज त्याला तिच्यापाशीं घेऊन जाऊन बराच वेळ तिच्याविषयींच बोलत उभे राहिले, असें त्यानें लिहून ठेविलें आहे.

हें सर्व खरें असलें तरी मनधरणीचा आरोप अजीबात खोटा ठरतो असें मी म्हणणार नाहीं. पट्टुकोट्टैजवळ समुद्रकांठीं आठ मजल्यांचा ‘मनोरा’ आहे. नेपोलियनचा पाडाव झाल्याच्या आनंदाप्रीत्यर्थ तो १८१४ च्या सुमारास याच महाराजांनीं बांधला, व त्यावर मराठीसह अनेक भाषांत लेख कोरविले. ज्या सत्तेनें आपलें राज्य घेतलें तिच्या दूरदेशच्या विजयाबद्दल आपल्या किनाऱ्यावर बुरूज उभारणें, याला स्तुतिपाठाखेरीज दुसरें नांव नाहीं. पण म्हणूनच हे दोन दगड एका मापानें मोजूं नयेत. मनोरा उभारतेवेळीं कंपनीची मर्जी राखावयाची होती. १८०१ मध्यें मेलेल्या पाद्र्याकडून काय मिळावयाचें होतें? त्याच्या नांवानें कंपनी खूष होत असेल, पण त्यासाठीं खांबाचें माप कळविण्याचें कारण नव्हतें.

शिवाय स्मरण दगडावर थांबलें नाहीं. महाराजांनीं राजवाड्यांत छापखाना घातला, आणि देवनागरी खिळ्यांनीं १८०६ सालीं ‘बालबोध मुक्तावली’ हें इसापच्या गोष्टींचें मराठी पुस्तक छापून काढलें. पुण्यास अजून दुसऱ्या बाजीरावाचा अंमल चालू होता, तेव्हां कावेरीकांठीं मुलांसाठीं मराठी पुस्तक छापलें जात होतें! ओरतनाडच्या मुक्तांबाछत्रांत त्यांनीं अन्नदानाबरोबर मोफत शाळा चालविली. आणि १८०७ च्या सुमारास कण्णतंगुडी येथें, गुरूच्या स्मरणार्थ, ५० गरीब ख्रिस्ती मुलांच्या पोटापाण्याची व शिक्षणाची व्यवस्था लावून दिली. हिंदु राजाच्या खजिन्यांतून ख्रिस्ती मुलांस मिळालेल्या या देणगीचें महत्त्व मी संगमरवराहून कमी धरीत नाहीं.

सरफोजी १८३२ सालीं वारले. त्यांचा स्वतःचा संगमरवरी पुतळाही तंजावरच्या राजवाड्यांत आहे; तो चँट्री या इंग्रज शिल्पकाराचा, व त्यांत महाराज हात जोडून उभे आहेत. त्यांचे चिरंजीव शिवाजी यांच्या मृत्यूनंतर १८५५ सालीं औरस पुत्र नाहीं या सबबीवर राज्याचें उरलेंसुरलें नांवही संपलें. दत्तकाचा प्रश्न पुन्हां उपस्थित होण्यासारखा होता, पण त्या वेळीं कोणी श्वार्ट्झ नव्हता, आणि असता तरी डलहौसीपुढें त्याचें काय चाललें असतें हा प्रश्नच आहे.

हा पट पाहावयास जाणारांपैकीं पुष्कळजण तेथेंच श्वार्ट्झची कबर आहे असें समजतात. ती तेथें नाहीं. किल्ल्याबाहेर मिशनच्या जुन्या बागेंत जें सेंट पीटरचें मंदिर आहे, त्यांत तो पुरलेला आहे. कबरीवर साधी काळ्या पाषाणाची शिळा आहे आणि तिच्यावर सरफोजींनीं स्वतः रचलेली एक लहानशी इंग्रजी कविता कोरली आहे. छंद ओबडधोबड आहे. परक्या भाषेंत शिकाऊ हातानें जुळविलेल्या ओळी तशाच असावयाच्या. अनाथांचा बाप, विधवांचा आधार, अंधारांतल्यांस उजेड दाखविणारा, अशा शब्दांत त्यांत गुरूचें वर्णन आहे, आणि शेवटीं त्याला बाप म्हणून हांक मारून, मी तुला शोभेसा होवो, अशी प्रार्थना केली आहे. संगमरवरावर ‘महाराज’ ही पदवी आहे. या शिळेवर कवितेच्या शेवटीं तुझा सरफोजी एवढेंच आहे.